पुसायला घेतलेली खाट

४ मार्च, सोमवार

माझ्या टेबलाला आज शेजारीण आली. कॅज्युअल्टीच्या दारातून आत आलं की डाव्या हाताला माझं टेबल, त्यावर फोन, मागच्या भिंतीवर वॉर्डांचे नंबर. तिथेच आणखी एक खुर्ची सरकवून एका मुलीला बसवलं. तिशीच्या आतबाहेरची, गळ्यात ओळखपत्र, पायात धावायचे बूट. मोठे साहेब म्हणाले, या बाई संगणकावर आपल्या हॉस्पिटलची नक्कल तयार करणार आहेत. पेशंट कसे येतात, किती थांबतात, खाट कशी मिळते, सगळं. मग बदल त्या नकलेत करून बघायचे, म्हणजे खऱ्या माणसांवर प्रयोग नकोत. तुम्ही यांना तुमचं काम दाखवा.

माझ्या कामात दाखवण्यासारखं काय आहे? डॉक्टर म्हणाले भरती करा, की मी वरच्या वॉर्डांना एकेक करून फोन लावते आणि खाट आहे का विचारते. असली तर पेशंट वर जातो, नसली तर स्ट्रेचरवर थांबतो. तरी दिवसभर एकच विचार होता. हे काम यंत्राला जमलं तर मला कोण ठेवेल? आमचे हे इथे वायरमन होते. ते गेल्यावर मला नोकरी दिली, तीसुद्धा मोठ्या सिस्टर मध्ये पडल्या म्हणून. माझी शाळा अर्ध्यात सुटलेली. जे काही वाचलं ते यांनी लायब्ररीतून आणून दिलेल्या पुस्तकांत.

घरी सासूबाईंना सांगितलं, त्यांना कमी ऐकू येतं म्हणून मोठ्याने. त्या म्हणाल्या, नक्कलच करायची तर एखाद्या चांगल्या हॉस्पिटलची करावी.

५ मार्च, मंगळवार

पडद्यावर आमचं हॉस्पिटल पाहिलं. वरून छप्पर काढल्यासारखं दिसतं. दार, माझं टेबल, लिफ्ट, वरचे वॉर्ड, आणि माणसांच्या जागी ठिपके. थांबलेला पिवळा, खाटेवर गेला की हिरवा. सगळ्यांनी दुपारपर्यंत तिचं नाव ठिपकेवाली ठेवून टाकलं. तिला कळलं, ती हसली.

स्ट्रेचर ढकलणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या वॉर्डबॉयला सगळे पॅसेंजर म्हणतात, कारण तो दर दाराशी थांबतो. तिने त्याला त्याचा ठिपका दाखवला. तो सरळ लिफ्टकडे गेला आणि सरळ परत आला. पॅसेंजर बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "हा मी नाही. हा चहाला थांबतच नाही."

मी विचारलं, उद्या कोण येणार हे याला कसं कळतं? ती म्हणाली, कळत नाही, म्हणून तो फासे टाकतो. पण फासे गेल्या वर्षीच्या नोंदी बघून घडवलेले असतात. सोमवारी गर्दी, थंडीत छातीचे पेशंट, असं. एकदा टाकून काही समजत नाही, म्हणून तेच वर्ष पुन्हा पुन्हा खेळवायचं. तिचा चहा संपेपर्यंत पडद्यावर एक अख्खं वर्ष संपलं. मला ते बघवलं नाही. माझं एक वर्ष इतक्या लवकर कधी संपलेलं नाही.

७ मार्च, गुरुवार

वॉर्डांची एक रीत मी तिला सांगितलेली नाही. ती सांगायची गोष्ट नाहीच.

पेशंट घरी गेला की खाट औषधाच्या पाण्याने पुसतात, वाळू देतात, मग चादर घालतात. तोवर फोन केला तर उत्तर येतं, पुसायला घेतली आहे. ते बरोबरच आहे. पण प्रत्येक वॉर्डात एक खाट अशी असते की ती कायमच पुसायला घेतलेली असते. ती सिस्टर लोकांची अडीअडचणीची खाट. कुणी एकदम बिघडला, कुणाला नजरेसमोर आणायचं झालं, की ती उपयोगी पडते. सगळ्यांना माहीत असतं, कुणी बोलत नाही. नव्या सुनेला कुठल्या डब्यात हात घालायचा नाही हे न सांगता कळतं, तसं मला हे कळलं.

वरच्या मेडिकल वॉर्डच्या मोठ्या सिस्टर मात्र मला तसं कधी सांगत नाहीत. मला नाही म्हणायची वेळ आली की फोन शेजारच्या सिस्टरच्या हातात देतात. मी त्यांना ताई म्हणते, त्यांना मला नाही म्हणणं जड जातं. फार हळवा जीव. जेवणाच्या सुट्टीत रोज डबा घेऊन माझ्याजवळ येतात. घरी या म्हणून मी थकले, पण अजून एकदाही आलेल्या नाहीत. सासूबाई म्हणतात, तुझी सिस्टर बहुतेक मला घाबरते.

११ मार्च, सोमवार

ठिपकेवाली आज वैतागलेली होती. म्हणाली, "मावशी, माझ्या नकलेतले पेशंट तुमच्या पेशंटांपेक्षा सुखी आहेत."

म्हणजे असं, की खाटा तितक्याच, पेशंट तितकेच, पण पडद्यावर कुणी फारसं ताटकळत नाही. आणि खरोखरीच्या नोंदीत माणसं अर्धा अर्धा दिवस स्ट्रेचरवर. नक्कल खऱ्याशी जुळत नाही तोवर तिच्यात केलेल्या कुठल्याही बदलाला अर्थ नाही. कुठेतरी काहीतरी माझ्या नजरेतून सुटतंय, असं ती म्हणत होती.

मी फोन पुसत बसले. तसा तो स्वच्छच होता.

१२ मार्च, मंगळवार

दिवसभर तिने काय काय करून पाहिलं. खाट पुसायला दुप्पट वेळ लागतो असं धरलं. लिफ्ट बंद पडते असं धरलं. पॅसेंजर सावकाश चालतो असं धरलं, त्यावर तो रुसला आणि दुपारी खरंच भराभर चालला. सगळे घाबरले, काय झालं म्हणून.

तरी जुळेना.

पिवळे ठिपके माझ्या टेबलासमोर साचतात. पडद्यावर ते ज्या ठिकाणी साचतात, तिथेच हे होते. तापातून छाती भरलेली. याच दारातून स्वतःच्या पायांनी आत आले, मग स्ट्रेचरवर घेतलं. तेव्हा या टेबलावर हंगामी मनुष्य होता, तो आम्हाला ओळखत नव्हता. मी म्हटलं, सांगते ना इथले वायरमन म्हणून. हे म्हणाले, "ओळख सांगत बसू नको, पुढे दोघं आहेत." त्यांचे बूट मी हातात धरून उभी होते, खाली ठेवले तर कुणाच्या पायात येतील म्हणून. संध्याकाळी वर नेलं, तेव्हा फार उशीर झाला होता. नंतर ताई येऊन माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, आज एकही खाट नव्हती गं, सगळे वॉर्ड भरले होते.

या एका वाक्यावर मी उभी आहे. खाट नव्हती. नसलेल्या वस्तूवर माणूस रागावू शकत नाही. असती आणि दिली नसती, तर काय करायचं?

१५ मार्च, शुक्रवार

ताई आज जेवणाच्या सुट्टीत पडदा बघायला आल्या. डबा उघडलाच नाही. चष्मा लावून उभ्या राहिल्या आणि ठिपकेवालीला म्हणाल्या, माणसं म्हणजे ठिपके नव्हेत. ती म्हणाली, नाहीतच. मग ताईंनी विचारलं, यात मागचं सापडतं का? ती म्हणाली, किती मागचं? ताई म्हणाल्या, दोन-तीन वर्षांपूर्वीचं, समजा एखाद्या दिवशीचं. ती म्हणाली, नोंदी असतील तेवढं सगळं मागवता येतं.

ताई डबा तसाच घेऊन वर गेल्या. त्यांचं डोकं दुखत असावं. या संगणकाने त्यांच्या वॉर्डाच्या खाटा कमी होतील ही धास्ती त्यांना आहे, असं मला वाटतं. एवढ्या वर्षांचा वॉर्ड. मी संध्याकाळी फोन करून म्हटलं, काळजी करू नका, यंत्राला अजून काही जमत नाहीये. त्या म्हणाल्या, "तू जेवलीस का?"

१८ मार्च, सोमवार

जुळलं.

ठिपकेवालीने प्रत्येक वॉर्डातली एक खाट नकलेतून काढून टाकली आणि वर्ष खेळवलं. माझ्या टेबलासमोर पिवळे ठिपके साचत गेले. मग तिने खऱ्या नोंदीचा आलेख त्यावर ठेवला. दोन रेघा एकमेकींवर अशा बसल्या, की एकच आहे असं वाटावं. मला वाटलं होतं ती आनंदाने ओरडेल. तिने आलेख बाजूला केला. मग खुर्ची वळवून हळू आवाजात म्हणाली, "मावशी, वॉर्ड एकेक खाट लपवून ठेवतात का?"

मी म्हटलं, मला काय माहीत, मी खालची.

तिने मान हलवली. राग नव्हता तिच्या तोंडावर. उलट माझी कीव केल्यासारखं वाटलं, ते मला जास्त लागलं. लपवून हा शब्दच चुकीचा आहे. चार पैसे बाजूला टाकणारी बाई चोरी करते का? ताईंच्या वॉर्डात मागे एक पेशंट बिघडला, जवळ आणायला खाट नव्हती, दोष ताईंवर आला. त्यानंतर त्या एक खाट राखतात. यात वाईट काय? मी बरोबर बोलले नाही हे मला माहीत आहे, पण चूक कुणाची सांगायची?

रात्रभर नीट झोप नाही.

१९ मार्च, मंगळवार

आज तिने विचारलं नाही, नुसतं दाखवलं. एका पडद्यावर प्रत्येक वॉर्डाची आपापली राखीव खाट. दुसऱ्यावर पूर्ण मजल्याला मिळून एकच राखीव, बाकीच्या मोकळ्या. दोन्हीकडे फासे तेच. पहिल्या पडद्यावर समोर पिवळ्यांची रांग, दुसऱ्यावर जरा वेळ दोन-चार उभे राहतात आणि जातात. आणि वर कुणी बिघडला तर? मी विचारलंच. ती म्हणाली, सगळे वॉर्ड एकाच तासाला बिघडत नाहीत. क्वचित दोन बिघडतात, तेव्हा ओढाताण होईल. ती होणारच नाही असं मी म्हणत नाही.

मला यांची शिडी आठवली. आमच्या जिन्यातल्या सगळ्या घरांत मिळून ती एकच शिडी. दाराआड उभी असते, अजून लोक मागायला येतात, आणि सासूबाई भाषण केल्याशिवाय देत नाहीत. प्रत्येकाने आपापली घेतली असती तर जिन्यातून चालायला जागा उरली नसती. हे मला पटलं. पटलं म्हणूनच भीती वाटते आहे.

पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला मोठ्या साहेबांसमोर बैठक आहे. वॉर्डांनी कबूल केलं तरच हे होईल. नाहीतर आहे तसंच.

२३ मार्च, शनिवार

आजचं आजच लिहून ठेवते.

सकाळी सासूबाईंना दम लागला. दोन दिवस खोकत होत्या, मी म्हटलं होतं दाखवून येऊ, त्या म्हणाल्या मला त्या ठिपक्यांत बसवू नकोस. सकाळी ओठ निळसर दिसले. रिक्षातून आणलं. माझ्याच टेबलासमोर, त्याच जागी, स्ट्रेचर. माझी सुट्टी, म्हणून माझ्या जागी आज बदली मुलगी होती. ती फोन लावत होती आणि मला तिचं बोलणं ऐकू येत होतं. नाही, नाही, पुसायला घेतली आहे, नाही.

आमच्या पुढे एक माणूस होता. रंगारी असावा, नखांत पांढरा रंग. पोटात कसलीशी गाठ, घामाने भिजलेला. त्याची बायको शेजारी उभी, आणि तिच्या दोन्ही हातांत त्याचे बूट.

मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

बदली मुलीने फोनवर माझं नाव सांगितलं असणार, कारण जिन्यावरून ताईच खाली आल्या आणि दाराजवळची चाकाची खुर्ची ओढून घेतली. लिफ्टची वाट पाहिली नव्हती. "चल," म्हणाल्या, "खाट आहे." मी म्हटलं, यांच्या आधी हे आहेत. ताई म्हणाल्या, "मला काही सांगू नको, म्हातारीचा श्वास बघ." मी बघितला. आणि मी गेले. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

खाट खिडकीजवळची होती. पुसायला घेतलेली नव्हती. चादरीला इस्त्रीच्या घड्या जशाच्या तशा, उशीला कुणाच्या डोक्याचा खळगा नाही. कित्येक दिवसांत तिच्यावर कुणी झोपलेलं नव्हतं. सासूबाईंना ऑक्सिजन लावला, रंग परत आला, आणि त्यांनी पहिली तक्रार केली की गादी कडक आहे. तेव्हा मला रडू आलं.

संध्याकाळी खाली गेले तर रंगारी तिथेच. त्याला वर न्यायची तयारी चालली होती. वाचेल, म्हणाले. त्याच्या बायकोने मला ओळखलं. "तुमच्या सासूबाईंना लगेच मिळाली," ती म्हणाली, "बरं झालं हो. म्हातारं माणूस." टोमणा नव्हता. अगदी मनापासून म्हणाली. टोमणा असता तर मी परतवला असता.

२५ मार्च, सोमवार

सासूबाईंना बरं आहे. शेजारच्या खाटेवरच्या बाईला त्यांनी तिच्या मुलाने कसं वागावं हे समजावून दिलं आहे.

दुपारी ताई त्यांची नाडी बघायला आल्या. एवढ्या वर्षांत दोघी पहिल्यांदाच समोरासमोर. सासूबाईंनी त्यांचा हात धरून ठेवला आणि म्हणाल्या, तुझे उपकार झाले बाई, सुनेला नोकरी दिलीस, मला खाट दिलीस. ताईंनी दुसऱ्या हाताने चादर सारखी केली. मग सासूबाईंनी विचारलं. त्यांना स्वतःचा आवाज कळत नाही, वॉर्डभर ऐकू गेलं.

"माझ्या मुलाला का नाही मिळाली गं अशी?"

ताईंनी हात सोडवून घेतला. कुणीतरी हाक मारतंय असं म्हणाल्या आणि गेल्या. कुणी हाक मारली नव्हती.

मी सासूबाईंच्या कानाशी वाकून सांगितलं, त्या दिवशी सगळे वॉर्ड भरलेले होते. त्या म्हणाल्या, "असं कोण म्हणतं?" मी म्हटलं, सिस्टरच म्हणाल्या. त्यांनी कूस बदलली.

त्यांचं वय झालंय. काहीही विचारतात.

२६ मार्च, मंगळवार

ठिपकेवालीला सांगून टाकलं. हो, ठेवतात. सगळे ठेवतात. ती म्हणाली, माहीत आहे मावशी, पण तुम्ही सांगितलंत ते बरं झालं.

मग मी तिला विचारलं. मोठा धीर करून. हे गेले तो दिवस सांगितला आणि म्हटलं, तो दिवस खेळव. वॉर्डांनी खाट मोकळी केली असती तर तो एक ठिपका वेळेत वर गेला असता का?

तिने संगणकावरचे हात काढून मांडीवर ठेवले. म्हणाली, नाही सांगता येणार. हे यंत्र अनेक दिवसांबद्दल बोलतं, एका दिवसाबद्दल नाही. शंभर माणसांतली इतकी कमी थांबतील हे सांगतं, त्यातला कोण ते सांगत नाही. मी आकडा काढून दिला तर तो खोटा असेल, आणि तुम्ही तो खरा धरून बसाल.

मी म्हटलं, मग कुणाला विचारू?

उत्तर तिला माहीत होतं. मलाही होतं. बहुतेक सासूबाईंना सगळ्यांच्या आधी कळलं.

२८ मार्च, गुरुवार

ताईंना चादरींच्या खोलीत गाठलं. कपाटं, इस्त्रीचा वास, एक स्टूल. त्या चादरी मोजत होत्या. मी दार लोटलं आणि विचारलं, त्या दिवशी खाट होती का?

"होती."

मोजायच्या थांबल्या नाहीत. हात चालूच. मग थांबल्या.

"खिडकीजवळची," म्हणाल्या. "तीच."

मी विचारलं, कुणासाठी ठेवली होती? त्या म्हणाल्या, कुणासाठीच नाही. संध्याकाळपर्यंत तशीच होती. फोन मी घेतला होता. खालच्या माणसाने नाव सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पुसायला घेतली आहे म्हटलं. तोंडात बसलेलं वाक्य, विचार न करता बाहेर पडतं. संध्याकाळी त्यांना वर आणलं, चादर बाजूला केली, तेव्हा तोंड पाहिलं. याच खोलीतला दिवा त्यांनी आदल्या आठवड्यात दुरुस्त केला होता.

मी वर बघितलं. दिवा लागलेला होता.

त्या म्हणाल्या, मला शिव्या दे. मला एकही आठवेना. मनात एवढंच येत होतं, की आमच्या यांनी त्या दिवशी मला नाव सांगू दिलं असतं तर. आणि मग, की नाव सांगितल्यावरच मिळते ती खाट कसली? रंगाऱ्याच्या बायकोने कुणाचं नाव सांगायचं?

मी बाहेर आले. ताईंनी हाक मारली नाही.

घरी येऊन सासूबाईंना सूप दिलं. त्यांना आज घरी सोडलं. त्यांनी विचारलं, विचारलंस? मी मान हलवली. पुढे त्यांनी काही विचारलं नाही. सूप सगळं प्यायल्या, एरवी अर्धं ठेवतात.

१ एप्रिल, सोमवार

बैठक झाली. लांब टेबल, एका बाजूला वॉर्डांच्या प्रमुख सिस्टर, दुसरीकडे डॉक्टर. मी मागच्या भिंतीशी, काही विचारलं तर उत्तर द्यायला. ताई माझ्या समोरच्या बाजूला होत्या. गुरुवारपासून आम्ही बोललेलो नाही. डबा मी एकटीने खाते.

ठिपकेवालीने दोन रेघा दाखवल्या आणि सांगितलं, प्रत्येक वॉर्डात एक खाट अडवून ठेवली आहे असं धरलं तरच नक्कल खऱ्याशी जुळते. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. एक सिस्टर म्हणाल्या, आमच्याकडे असलं काही नसतं. दुसऱ्या म्हणाल्या, यंत्राला वॉर्ड काय कळतो? तिसऱ्यांनी विचारलं, हे तुम्हाला सांगितलं कुणी? एकदा नाव निघालं की उद्यापासून माझा फोन कोण उचलणार? ठिपकेवालीने माझ्या बाजूला नजरसुद्धा टाकली नाही. म्हणाली, आकड्यांनी सांगितलं. कुणीतरी हसलं. साहेब कागद गोळा करायला लागले. म्हणजे संपलंच होतं.

मी उठायला हवं होतं. उठले नाही.

ताई उठल्या. "माझ्या वॉर्डात असते," म्हणाल्या. "मी ठेवते. खिडकीजवळची."

त्या पुढे म्हणाल्या, का ठेवते तेही सांगते, आणि मागच्या पेशंटाचं सांगितलं. मग म्हणाल्या, पण माझी ती खाट रिकामी असताना खाली ताटकळून एक माणूस गेलेला आहे. तो कोण, ते इथे सांगणार नाही. सांगायचं होतं तिला सांगितलंय. एवढं बोलून बसल्या आणि पाणी प्यायल्या, भांडं दोन्ही हातांत धरून.

मग एकीने हळूच मान्य केलं. मग दुसरीने. ज्या आमच्याकडे असलं काही नसतं म्हणाल्या होत्या, त्या सगळ्यात शेवटी.

मजल्याला मिळून एक राखीव खाट, आणि ती कुणाला द्यायची ते माझ्या टेबलावरून ठरणार. डॉक्टर सांगतील त्या क्रमाने, ओळखीवर नाही. महिनाभर करून बघायचं. म्हणजे माझी नोकरी राहिली. उलट काम वाढलं. आनंद व्हायला हवा होता.

९ एप्रिल, मंगळवार

नव्या पद्धतीचा पहिला आठवडा. रांग कमी आहे, हे मला पडद्याशिवाय दिसतं. समोरची फरशी दिसते.

पण आज सकाळी नको तेच घडलं. वर सर्जरीत एक बाई बिघडली, राखीव खाट तिला गेली, आणि लगेच खाली एक मुलगा आला, दम्याचा. ठिपकेवाली म्हणाली होती ती ओढाताण हीच. मी सगळीकडे फोन लावले. मनात येत होतं, की या सुधारणेनेच याचा जीव गेला तर? मग कुणाला तोंड दाखवू? शेवटी हाडांच्या वॉर्डाने एका पेशंटला दुपारी सोडायचं ते तेव्हाच सोडलं. मुलगा वर गेला. मी खुर्चीवर बसून राहिले. पॅसेंजरने न सांगता चहा आणून दिला. स्वतःसाठीही आणला, त्यासाठी तो थांबलाच होता म्हणा.

ताईंशी अजून कामापुरतंच बोलणं.

१२ एप्रिल, शुक्रवार

ठिपकेवालीचं इथलं काम झालं, ती दुसऱ्या हॉस्पिटलात गेली. जाताना सासूबाईंना भेटून गेली. सासूबाईंनी तिला विचारलं, तिथे तरी चांगलं हॉस्पिटल आहे का?

दुपारी एक म्हातारे गृहस्थ आले, छाती भरलेली, ताप. सोबत मुलगी. डॉक्टर म्हणाले भरती करा. राखीव खाट सकाळीच गेलेली. एकेक वॉर्ड करत मेडिकलला फोन लावला. घंटा वाजली आणि ताईंनी उचलला. मी म्हटलं, खाट आहे का?

मी वाट पाहत होते, की आता फोन शेजारच्या सिस्टरच्या हातात जाईल.

"नाही गं," ताई म्हणाल्या. स्वतः म्हणाल्या. "आज खरंच नाही. एक पेशंट चारच्या सुमाराला जाईल. ती तुझी."

"बरं, ताई," म्हटलं आणि फोन ठेवला. पुन्हा विचारलं नाही. वर जाऊन बघावं असंही वाटलं नाही.

त्या मुलीला जाऊन सांगितलं, आत्ता खाट नाही, चार वाजता पहिली तुमच्या वडिलांना. ती म्हणाली, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. ती वडिलांचे बूट हातात धरून उभी होती. ते मी तिच्याकडून घेतले आणि माझ्या टेबलाखाली, माझ्या चपलांशेजारी, जोडीने ठेवले. तिला म्हटलं, आता त्यांचा हात धर.